भिंतीकडची जागा

मोठ्या बाईंनी वाकून फरशीवरचे पत्ते गोळा केले. एकेक उचलून नव्हे, तर सांडलेला कचरा भरावा तसे दोन्ही हातांनी. एक पत्ता बाकाखाली सरकला होता, तो त्यांनी चपलेच्या टोकानं ओढून घेतला.

“ही शाळा आहे की पत्त्यांचा अड्डा?”

गोल करून बसलेल्या दुसरीच्या अठ्ठावीस मुलांनी झटकन हात मागे घेतले. वर्गाच्या बाई मात्र उठून उभ्या राहिल्या.

“अहो, पत्ते नाहीत ते. इंग्रजी शब्दांची कार्डं आहेत. वर्गातल्याच वस्तू काढल्यात त्यांच्यावर. खिडकी, फळा, डस्टर...”

“एका पालकांची तक्रार आलीये. मुलगा घरी जाऊन सांगतो, आज शाळेत पत्ते खेळलो आणि जिंकलो. काय उत्तर देऊ मी त्यांना?”

“काय जिंकलास, ते त्यालाच विचारा म्हणावं. सोळा शब्द धडाधड म्हणून दाखवेल.”

मोठ्या बाईंनी गठ्ठ्याला रबर लावलं. “नवा छापील तक्ता आलाय. तो लावा आणि त्यावरून शिकवा. आणि हो, त्या मुलीचा कागद शुक्रवारी माझ्या टेबलावर हवा. तुमच्या सहीसकट.”

त्या गेल्या. बाईंच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

ती बत्तीस कार्डं बाईंनी खडूच्या रिकाम्या खोक्यांच्या पुठ्ठ्यातून कापली होती. चार रविवार गेले होते त्यात. प्रत्येक वस्तूची जोडी. कार्डं पालथी मांडायची, एका वेळी दोन उलटायची, जोडी जुळली की वस्तूचं इंग्रजी नाव मोठ्यानं म्हणायचं आणि धावत जाऊन त्या वस्तूला हात लावायचा. नाव चुकलं की बाद. बाद झालेल्यानं भिंतीकडे जाऊन बसायचं. नियम कडक असल्याशिवाय खेळाला रंग चढत नाही, असं बाईंचं ठाम मत होतं. कडांना चिकटपट्टी लावताना नवरा म्हणाला होता, “एवढ्या निगुतीनं तू मला कधी डबासुद्धा भरून दिला नाहीस.” बाई हसल्या होत्या. आता ती सगळी मेहनत मोठ्या बाईंच्या कपाटात, कुलपात!

आणि तो तक्ता? गुळगुळीत, रंगीत, मुलांचे हात लागून खराब होऊ नये म्हणून फळ्याच्याही वर टांगलेला. त्यावर गोल फिरणारी खुर्ची होती, भिंतीतली कपाटं होती, छताला लावलेला प्रोजेक्टर होता. यातली एकही वस्तू वर्गात नव्हती. जे दिसत नाही, ज्याला हात लावता येत नाही, त्याची नावं मुलांनी माना वर करकरून पाठ करायची. बाई छडीनं एकेक चित्र दाखवत होत्या आणि मुलं झोपेत बोलल्यासारखी मागे म्हणत होती.

पण बाईंना खरी डाचत होती ती कागदाची गोष्ट. कागद चिमणीचा होता. चणीनं लहान म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. ही चिमणी वर्गात तोंड म्हणून उघडत नव्हती. इंग्रजीत नाही, मराठीत नाही, हजेरीलासुद्धा नुसता हात वर. मोठ्या बाईंनी ठरवून टाकलं होतं, की या मुलीला विशेष मुलांच्या शाळेत पाठवायचं. वर्गशिक्षिकेची सही तेवढी बाकी होती.

चिमणीची आई दोनदा येऊन गेली होती. “घरी बोलते हो ती, बाई. बडबडून कान किटवते. माझं कुणी ऐकूनच घेत नाही.”

बाईंनी ऐकून घेतलं होतं. कारण खेळात चिमणीची नजर त्यांनी पाहिली होती. कुठलं कार्ड कुठे पालथं आहे, हे तिला पाठ असायचं. दोन उलटली की जोडी. मग ओठ थरथरायचे, आणि घट्ट मिटायचे. अजून आठवडाभर खेळू दिलं असतं तर पोरगी बोलली असती, याबद्दल बाईंना तिळमात्र शंका नव्हती. आणि नेमका तोच आठवडा हिसकावून घेतला होता. कुणी, तर जिनं त्या पोरीशी कधी दोन वाक्यं बोलायची तसदी घेतली नव्हती तिनं.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत बाई तो कागद घेऊन निघाल्या. सही केली नव्हती. आज सोक्षमोक्ष लावायचाच, चांगलं तोंडावर सुनवायचं, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती.

जिन्याखालच्या कोनाड्यातून आवाज आला.

“विंडो! पळ, पळ, हात लाव!”

आवाज खणखणीत होता आणि बाईंच्या ओळखीचा नव्हता. त्यांनी वाकून पाहिलं. आठ-दहा मुलं दाटीवाटीनं बसली होती. मध्ये जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांचे वेडेवाकडे तुकडे पालथे मांडले होते, आणि ते मांडत होती चिमणी. सगळ्यांवर तीच हुकूम सोडत होती. कुणाचा नंबर, कुणी किती मागे सरायचं, सगळं तिच्या हातात.

एका मुलीनं दोन तुकडे उलटले आणि नाव चुकलं. बाई वाट पाहू लागल्या. ती मुलगी उठून भिंतीकडे जाईल असं त्यांना वाटलं. ती जागची हलली नाही.

“चूक,” चिमणी म्हणाली. “चेअर आहे ते. म्हण चेअर. हां. आता परत उलट.”

बाईंना राहवलं नाही. “हिला बाद नाही केलंत?”

मुलं दचकली. चिमणीनं ओठ मिटले. शेजारचा, समोरचे दात पडलेला मुलगा म्हणाला, “बाई, आमच्या खेळात बाद नसतंच. चिमणीनं काढून टाकलं ते. ती म्हणाली, भिंतीजवळ बसलं की शब्द कसे येणार?”

बाई तिथेच जिन्याच्या पायरीवर टेकल्या. त्यांना खेळाचा पहिला दिवस आठवला. पहिल्याच डावात पहिली बाद झालेली कोण होती, ते आठवलं. “बाद! बाद!” म्हणून सगळा वर्ग ओरडला होता, आणि टाळीचा ठेका धरला होता तो कुणी? खुद्द बाईंनी. त्याआधी ही पोर हजेरीला “हजर” म्हणायची. म्हणायची, चांगली मोठ्यानं म्हणायची. एवढी साधी गोष्ट त्यांच्या कधी ध्यानात आली नव्हती, आणि आठवडाभर त्या दुसऱ्याच्या नावानं बोटं मोडत बसल्या होत्या. संताप तोच होता, तेवढाच होता, फक्त तो आता कुणाच्या तोंडावर फेकायचा ते त्यांना कळेना. जुळवून आणलेलं एकेक वाक्य त्यांच्या स्वतःवरच उलटत होतं.

त्यांनी कागदाची घडी घालून पर्समध्ये सारली आणि साडी सावरत मुलांमध्ये फरशीवर बसल्या.

“मला घ्याल?”

मुलांनी चिमणीकडे पाहिलं. चिमणीनं बाईंकडे पाहिलं, मग थोडं सरकून जागा केली.

बाईंनी दोन तुकडे उलटले. दोन्हींवर एक चौकोन आणि आत तीन आडव्या रेघा.

“बुक,” बाई म्हणाल्या.

मुलं खिदळली. कुणीतरी सवयीनं “बा—” म्हणायला लागलं आणि थांबलं. बाईंचे कान तापले. या वयात, इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर, चांगले तापले.

चिमणीचे ओठ थरथरले. बाई खाली मान घालून थांबल्या.

“डस्टर आहे ते,” चिमणी म्हणाली. “म्हणा, डस्टर.”

“डस्टर.”

“आता परत उलटा.”

बाईंनी तुकड्याला हात घातला, तेवढ्यात मागे चपला वाजल्या.

“तुम्ही इथे काय करताय? मी सगळीकडे शोधतेय तुम्हाला. सही झाली का त्या—”

चिमणीनं वर पाहिलंच नाही. तिचे डोळे मांडलेल्या तुकड्यांवर होते. तिनं नुसता हात वर केला, हजेरीला करायची तसा.

“थांबा हो जरा,” ती म्हणाली. “बाईंचा डाव चालू आहे.”