भागूभाऊंचा गॅस

मी गोटी सोड्याची बाटली. घोडेगावच्या एसटी स्टँडसमोर प्रयागबाईंच्या हातगाडीवर माझा मुक्काम असतो. काच जाड, गळ्यात गोटी आणि स्वभाव फटकळ. एवढा दाब पोटात घेऊन कुणीही गोड बोलून दाखवावं.

भट्टीतला जन्म मला फारसा आठवत नाही. आठवतं ते प्रयागबाईंचं यंत्र. पाणी भरून, गॅस सोडून त्या मला गरगर फिरवतात आणि गोटी तोंडाशी घट्ट बसते. ती दाबली की मी असा आवाज काढते की भीमाशंकरला निघालेले पावणे दचकून वळतात. मला ते फार आवडतं.

बदनामीही खूप सोसली. तळेघरचे भागूभाऊ भात-नाचणी करणारे. तहसील कचेरीत काम निघालं की आधी माझ्याकडे यायचे. त्यांची सून नूतन गावात घरोघरी आरोग्याचं काम बघणारी आशाताई आहे. ती चिडायची, "मामा, सोड्यानं हाडं पोकळ होत्यात." शेवटी तिने दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना विचारलंच. त्या म्हणाल्या, "साध्या सोड्यानं हाडांना काही होत नाही. पाणी आणि गॅस, एवढंच असतं त्यात. साखरेची रंगीत पेयं वेगळी. पोट फुगत असेल, जळजळत असेल तर जपून प्यावा, आणि मीठ बेताचं घालावं." नूतनने हे गाडीवर येऊन कबूल केलं, तेव्हा मी खोक्यात ताठ उभी राहिले. माझं पाणी स्वच्छ आहे हे मला आधीपासून ठाऊक होतं.

पण मान्य करते, मला तेव्हा चढलं होतं. आमच्याकडे छातीत काहीही झालं की लोक त्याला गॅस म्हणतात, आणि गॅसवर सोडा पितात. ढेकर आला की माणूस बरा झाला, असं सगळे धरून चालतात. मीही तेच धरून चालले होते.

यंदा भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, उरकल्यावर एका दुपारी भागूभाऊ आले. सदरा घामाने चिंब झाला होता. "प्रयागबाई, लई गॅस झालाय. फोड एक."

तळेघरची गाडी समोर लागली होती. ती चुकली तर संध्याकाळपर्यंत दुसरी नव्हती. त्यांनी पहिला सोडा घटाघटा प्यायला, ढेकर दिला आणि "मोकळं वाटलं" म्हणाले. पण लगेच पुन्हा छाती चोळू लागले. दुसराही संपला. तिसऱ्यासाठी प्रयागबाईंनी मला उचललं. हा गॅस आता मीच काढणार, या तोऱ्यात मी होते.

गोटीवर त्यांचा अंगठा थांबला.

"भाऊ, डावा हात का दाबताय?"

"जड झालाय. पिशवी व्हती ना."

"पिशवी उजव्या हातात व्हती."

"फोड की गं. गाडी सुटंल."

प्रयागबाईंनी मला खोक्यात परत ठेवलं. "सुटू द्या. ह्यो गॅस न्हाई. आमच्या मालकांनीबी असाच सोडा पिला व्हता. ढेकर दिला, निजले, ते उठलेच न्हाईत. म्याच फोडून दिला व्हता."

प्रयागबाईंनी हातगाडी उघडीच सोडली, रिक्षा थांबवली आणि भागूभाऊंना दवाखान्यात नेलं. एसटी त्यांच्याविना गेली. मला आधी अपमान वाटला, मग लाज वाटली.

तो हृदयविकाराचा झटका होता. तेव्हा ते एसटीत, घाटात असते तर हाती काही लागलं नसतं, असं डॉक्टरीणबाईंनी नूतनला सांगितलं. आता भागूभाऊ बरे आहेत. परवा आले, डॉक्टरांना विचारून आलोय म्हणाले आणि बिनमिठाचा सोडा मागितला.

तर मंडळी, तहान लागली की मला खुशाल फोडा, हाडांची काळजी करू नका. पण छाती धरून आलात तर मला हातही लावू नका. मी हजारदा फुटले आणि लोकांनी वाहवा केली. माणूस वाचला तो मात्र एकदाच, प्रयागबाईंनी मला फोडलं नाही तेव्हा.