कानातला फाया

मी एक जुनी पेटी आहे, मित्रांनो. पण दागिन्यांची नव्हे की धान्याचीही नव्हे. जळगावच्या एका रुग्णालयातली, माणूस आडवा मावेल एवढी, आरपार दिसणारी पेटी. माझ्या पोटात दाबाने शुद्ध प्राणवायू भरतात. कॅन्सरच्या गाठीत प्राणवायू कमी असला की किरणांचा मारा तिथे बोथट पडतो. म्हणून काही रुग्णांना आधी माझ्यात निजवतात आणि लगेच शेजारच्या खोलीत किरणोपचाराला नेतात. मी एकटी कुणाला बरं करत नाही, उगाच बढाई कशाला मारू?

मी आले तेव्हा हार घातला, नारळ फोडला, फोटो काढले. पुढे मला चालवणारा माणूस नोकरी सोडून गेला आणि दीड वर्ष माझ्यावर फायली अन् जेवणाचे डबे ठेवले गेले. असा राग यायचा म्हणून सांगू! मग मला चालवायला दिपमाला आली. साक्रीकडची, शिकून आलेली, कडक. तिने डबे हटवले, मला पुसून लख्ख केलं आणि भिंतीवर नियम लावले: डोक्याला तेल नको, कपडे सुतीच, खिशात काडेपेटी नको. शुद्ध प्राणवायूत तेलाचा अंश आणि एक ठिणगी, एवढ्यावर माणूस भस्म होतो. ती रोज प्रत्येकाचे खिसे, केस, कान तपासायची.

गनीचाचा चोपड्याचे पिंजारी. गाद्या-रजया भरण्यात जन्म गेला. घशाचा कॅन्सर झालेला. पहिल्या दिवशी मला पाहून म्हणाले, "जिते जी कबर में सुलाती क्या, बेटी?" माझ्या मनाला फार लागलं ते! पण दोन आठवड्यांत आमचं जमलं. आत निजून ते माझी गादी बोटांनी चाचपायचे आणि नाक मुरडायचे. गाठ आटतेय, असं डॉक्टर म्हणत होते.

पंधराव्या खेपेला शुक्रवार होता. चाचा आले, तशी दिपमाला हसून म्हणाली, "तुमचं काय तपासायचं आता, चाचा! घरचेच तुम्ही."

अगं, असं कसं? मी हबकलेच. पण मला कुठे तोंड आहे! दार लागलं, प्राणवायू भरू लागला, दाब चढला.

बाहेर बाकावर चाचांची बायको जरीना बसली होती. ती सहज बोलून गेली, "आज जुम्मा शे ना ताई, म्हणीसन मी त्यासना कानमा अत्तरना फाया ठेवी दिधा. नमाजले जातीन ना इथूनच."

दिपमालाचा चेहरा पांढराफटक पडला. अत्तर म्हणजे तेलच की! तिने प्राणवायू तोडला आणि दाब उतरवायला घेतला. पण माझं दार एकदम उघडत नाही, मित्रांनो. घाई केली तर आतल्या माणसाची फुप्फुसं फाटतात. "चाचा, हलू नका," ती माझ्या आत आवाज पोचवणाऱ्या बाहेरच्या फोनवरून म्हणाली. "कानाला हात लावू नका. श्वास मात्र रोखायचा नाही."

"या अल्लाह! मीच मारं का त्यासले?" जरीना किंचाळली.

माझ्या पोटात एक जिवंत माणूस, आणि त्याच्या कानात मुगाएवढा कापूस. मी जन्मात एवढी घाबरले नव्हते. चाचांचे डोळे माझ्या काचेवर खिळले होते. त्यांनी पापणीसुद्धा हलवली नाही. दाबाचा काटा गोगलगायीसारखा उतरत होता. शेवटी दार उघडलं. दिपमालाने फाया काढला आणि दुसरा कानही तपासला.

"मनी चूक व्हयनी, ताई," जरीना रडत म्हणाली.

"नाही चाची. भिंतीवर तेल लिहिलं, अत्तर लिहिलं नाही. आणि कान पाहायचं काम माझं होतं."

त्या दिवशी चाचा माझ्याविनाच किरणांना गेले. आता ते कसले परत माझ्यात येतात! उपचार अर्धाच राहणार, या विचाराने मी पार खचले.

सोमवारी ते आले. दिपमालाची मान वर होईना. चाचांनी टोपी काढली, आधी एक कान पुढे केला, मग दुसरा.

"देख बेटी," ते म्हणाले. "घरना समजीसन सोडू नको. घरना शे म्हणीसनच देख."

तिने पाहिलं, दोनदा पाहिलं. मग मी त्यांना आत घेतलं.

मित्रांनो, तुमच्या घरचं कुणी माझ्यासारखीच्या पोटात जाणार असेल, तर अंगाला काय काय लावलंय ते न लाजता सांगा. आणि तपासणारी ओळखीने हसून 'राहू द्या' म्हणाली, तर तुम्हीच हट्टाने उभे राहा.