पाइपाचं पोट

"देउता, आमचा अख्खा नववीचा वर्ग एकदम पाइपवर चढला, तर पाइप वाकेल?"

निजराने हे भर यार्डात, साहेबांच्या देखत बापाला विचारलं. वर्गातल्या दीपशिखाने पैजच लावली होती तशी. देउता, म्हणजे तेलाच्या लायनी तपासणारे तुलन गोगोई, खो खो हसले.

"वर्ग? अगं, चार हत्ती नाचव!"

निजराचं गाव ओढ्यापलीकडे. बांबूचा पूल दर पुरात वाहून जायचा, त्यामुळे शाळेची पोरं, बाजाराच्या बाया, सगळी ओढ्यावरच्या जुन्या तेलाच्या पाइपवरूनच ये-जा करायची. त्याच लायनीचा कापून आणलेला तुकडा आज वाकवून बघणार होते, गंजूनही जोर किती उरलाय ते कळायला. किती दाबाला वाकेल, तो आकडा देउतांनी ऐटीत खडूने पाइपवरच लिहिला होता.

दोन्ही टोकं टेकूवर, मधोमध वरून दाब. काटा सरकू लागला.

"अजून निम्माही नाही झाला," देउता म्हणाले, आणि फाडकन आवाज झाला! पाइप मधोमध खचला, पोटाकडून टराटरा फाटला.

निजराने वाकून पाहिलं. वरून चांगला जाडजूड, पोटाला मात्र पापड! तेलातलं पाणी तळाशी साचून वर्षानुवर्षं लोखंड खात बसलं होतं. आज सकाळीच ओढ्याच्या मधोमध उभी राहून तिने दीपशिखाला उड्या मारून दाखवल्या होत्या.

"तुलन, जाडी कुठून मोजलीस?" हातीबरुआ साहेबांनी विचारलं.

"वरून... पाइपवरून चालत. खालून मोजायचं तर होडी लागते, साहेब. आपण सगळे वरूनच..."

"हा तुकडा तरी आखूड आहे. ओढ्यावरचा चौपट लांब, मध्ये टेकू नाही. तो याहून कमी भाराला मोडेल," साहेब म्हणाले.

घरी देउतांनी बिनदुधाच्या लाल चहाला हात लावला नाही.

"साहेब वर कळवतील. हुकूम यायला आठ दिवस लागतील. तोवर गावात बोभाटा नको."

"ऐकलंस ना, निजू?" मा कुजबुजली. "पाइप धडधाकट आहे म्हणणाऱ्या कागदावर त्यांची सही आहे."

"आठ दिवस?" निजरा ताडकन उठली. "उद्या पहाटेपासून मी पाइपच्या तोंडाशी उभी राहणार. एकालाही चढू देणार नाही. कुणी कारण विचारलं, तर खरं तेच सांगणार, देउता. तुमच्या सहीसकट."