गुरूच्या वाटेवरचे धोंडे

“बाई, गुरूच्या वाटंवर धोंडं हायेत, असं शिकवताय म्हनं?”

जयसिंगराव पाटलांनी वर्गाच्या दारातूनच विचारलं. पायातलं पायताण काढलं नव्हतं.

सगुणाबाईंनी हातातला खडू खाली ठेवला. समोर कातकरवाडीच्या सात-आठ बायका पाट्या घेऊन बसल्या होत्या. दुपारी मुलांची शाळा सुटली की बाई त्यांना अक्षरं शिकवत.

“आहेतच. लघुग्रह म्हणतात त्यांना. गुरू ज्या वाटेनं सूर्याभोवती फिरतो, त्याच वाटेनं तेही फिरतात. एक थवा त्याच्या पुढं, एक मागं. त्याला धडकत नाहीत, वाटही सोडत नाहीत.”

“आनि यज्ञाला तांदूळ देऊ नका, हे कुनी शिकवलं?”

१९६२ सालचा जानेवारी संपत आला होता. फेब्रुवारीत आठ ग्रह मकर राशीत एकत्र येणार आणि जग बुडणार, या भीतीनं कोळवण खोरं गांगरून गेलं होतं. देवळापुढं यज्ञाचा मांडव पडला होता. घरटी पायलीभर तांदूळ द्यायचं ठरलं होतं. वाडीत तेव्हा बियाण्यापुरतंच भात उरलं होतं.

“ते मीच सांगितलं,” बाई म्हणाल्या. “इतके धोंडे युगानुयुगं गुरूसोबत चालतायत, तरी जग बुडालं नाही. आठ ग्रह एका बाजूला दिसले म्हणून काय होणार? बियाणं दिलं तर या बायका पेरणार काय?”

“काय झालं, तर तुमी जबाबदार,” पाटील म्हणाले आणि निघून गेले.

पहिल्या ओळीत बसलेल्या पारूनं हळूच विचारलं, “बाई, खरंच काय व्हनार न्हाई ना?”

“काही होणार नाही.”

दुसऱ्या दिवसापासून बाईंच्या घरी दूध येईनासं झालं. विहिरीवर त्या गेल्या की बायका घागरी उचलून बाजूला होत. वाण्यानं मीठ संपलं म्हणून सांगितलं. बाई विधवा, मूळच्या पुण्याच्या. गावात नात्याचं कुणी नव्हतं. त्या रोज वेळेवर शाळेत जात राहिल्या.

अष्टग्रहीच्या पहिल्याच दिवशी पारूची दोन वर्षांची लेक तापानं फणफणली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिला झटके येऊ लागले. दवाखाना पौडला. एसटी निघून गेली होती. बाई धावत मांडवात गेल्या.

“पाटील, तुमची गाडी द्या. पोर हातची जाईल.”

“आज पूर्नाहुती हाय. बैल जुंपायचं न्हाईत,” जयसिंगराव म्हणाले. “जावा की चालत. काय व्हनार न्हाई म्हनला हुता न्हवं?”

बाई आणि पारू चालत निघाल्या. आळीपाळीनं पोरीला खांद्यावर घेत होत्या. निम्म्या वाटेवर पोर बाईंच्या खांद्यावर असताना तिचा श्वास थांबला. बाईंना ते लगेच कळलं. तरी त्या दहा-बारा पावलं चालल्या आणि मग थांबल्या.

पारूनं लेकीला ओढून घेतलं.

“तुमी म्हनला हुता, काय व्हनार न्हाई.”

“पारू, हा ताप होता गं. ग्रहांचा यात काही...”

“बोलू नगा! माझ्याशी बोलू नगा!”

पोरीला पुरून आल्यावर पारूनं बियाण्याची कणगी फोडली, भाताचं गाठोडं डोक्यावर घेतलं आणि मांडवात नेऊन ओतलं. पूर्णाहुती होऊन गेली होती. पाटलांनी ते भात आपल्या कोठारात टाकायला सांगितलं.

चार दिवसांनी देवळापुढं गाव जमलं. “खोटं शिकवलं म्हना, म्हंजी ऱ्हावा,” जयसिंगराव म्हणाले. पारू कडेला बसली होती. बाईंनी तिच्याकडेच बघून सांगितलं, “मला जे ठाऊक होतं ते मी शिकवलं. ते खोटं नाही. पण काही होणार नाही, असा शब्द मी द्यायला नको होता. ते माझ्या हातात नव्हतं.”

पारूनं मान वर केली नाही. मागून एक शेणाचा गोळा आला आणि बाईंच्या पदरावर फुटला. कुणी हसलं नाही, कुणी अडवलंही नाही.

महिन्याभरात बदलीचा हुकूम आला. सकाळच्या एसटीला बाई एकट्याच उभ्या होत्या. कंडक्टरनं ट्रंकेला हात लावत विचारलं, “बाई, कुनी सोडाया न्हाई आलं?”

“शाळेची वेळ आहे,” बाई म्हणाल्या, आणि ट्रंकेची दुसरी कडी स्वतः उचलली.