ठोक्या

"हा दगड शंभर वर्षं हलत नाही, असं अहवालात लिहिलंय," साहेब जीपमधूनच म्हणाले.

"मग अहवालच बांधा की कड्याला," ठोक्या म्हणाला.

घाटरस्त्यावर झुकलेले कडे लांब दांड्याच्या हातोडीने ठोकून बघायचे, हे त्याचं तीस वर्षांचं काम. खणखणीत वाजला तो दगड चांगला. बद्द वाजला तो आतून सुटलेला. त्यावर लाल फुली मारायची आणि तो पाडून होईपर्यंत रस्ता बंद ठेवायचा. सगळ्या खात्यात त्याच्याइतका तिरसट माणूस नव्हता. डोंगराला अढळ म्हणणाऱ्यांची तर त्याला किळस यायची.

"पाणी भेगेत शिरतं साहेब, आणि मुक्काम ठोकतं. दिवसा ऊन फुगवतं, रात्री थंडी आवळते. त्यात तुम्ही वर झाडं लावलीत, फोटोसाठी. मूळ केसाएवढं शिरतं, मांडीएवढं होतं. रस्ता रुंद करायला डोंगराचा पायही तुम्हीच कापलात. वरचा काळा दगड कडक आहे, पण बसलाय कशावर? त्या लाल मातकट थरावर. तो भिजला की बिस्कीट."

"अक्कल नको पाजळू. दुपारी शाळेची बस यायचीय. लवकर उरक."

जीप वळणापलीकडे गेली. ठोक्या रस्त्यावर थुंकला आणि शिडीवर चढला. खाली झेंडेवाली लाल झेंडा घेऊन गाड्या अडवत होती.

त्याने काळ्या दगडावर घाव घातला. "खणखणीत!"

"काका, बद्द वाजला," झेंडेवाली खालून ओरडली.

"काय?"

"बद्द वाजला म्हणते!"

"तू झेंडा सांभाळ. उचलली जीभ, लावली टाळ्याला!"

"बारा वर्षं तुमच्या खाली उभी राहतेय मी. डोक्यावर पडला तर माझ्याच पडेल. मला नाही कळणार?"

त्याने चिडून पुन्हा ठोकला. मग शेजारचा, चांगला असल्याची खात्री असलेला दगड ठोकला. दोन्ही सारखेच वाजले. त्याने डावा तळवा चांगल्या दगडावर टेकवून घाव घातला. तळव्याला काहीच जाणवलं नाही. मग काळ्यावर तळवा ठेवला. हातोडी बसली आणि तळव्याखाली दगड थरथरला; तो सुटलेलाच होता.

बायको वर्षभर कान तपासा म्हणत होती. त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं: तुझाच आवाज बारीक झालाय. समोरच्याच्या ओठांवरून त्याचं भागायचं, पाठीमागचं मात्र हुकायचं. खात्याची तपासणीही त्याने दोनदा चुकवली होती, कारण ठोकणाऱ्याचे कान गेले की हातोडी काढून घेतात. जगाला दगडाची झीज शिकवणारा हा शहाणा. त्याच्या कानांची झीज बायकोला आधी कळली. गेल्या वर्षभरात ज्या ज्या दगडांना आपण चांगलं म्हटलं, ते सगळे त्याच्या डोळ्यांपुढे आले. त्यांच्याखालून रोज बस जात होती. त्याला स्वतःची शिसारी आली.

त्याने काळ्या दगडावर फुली मारली, खाली उतरला आणि हातोडी झेंडेवालीपुढे धरली.

"धर. सगळा घाट नव्याने ठोकायचाय, पहिल्या वळणापासून. तोवर रस्ता बंद. बस परत पाठवू."

"मी? आणि साहेबांना काय सांगायचं?"

"ठोक्या बहिरा झालाय, हे सांगायचं. मीच सांगेन."

तिने हातोडी घेतली. पदर खोचून शिडी चढली. ठोक्या झेंडा घेऊन रस्त्याच्या मधोमध उभा राहिला आणि वर बघत राहिला.

मागून जीप आली. हॉर्न वाजला. पुन्हा वाजला, मग वाजतच राहिला.

"माज बघा याचा," साहेब ड्रायव्हरला म्हणाले. "मान वळवायची पण तसदी नाही."

वर झेंडेवालीने पुढचा दगड ठोकला, कान देऊन थांबली आणि त्याला दिसावं म्हणून हाताने हवेत मोठी फुली काढली. ठोक्याने मान डोलावली आणि झेंडा आणखी उंच धरला.