एक सुताचा बाक

त्या घराला दोन जावई होते. थोरला चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत बसून काचा घासायचा आणि धाकटा बेकरीत भट्टीवर असायचा. थोरल्याच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती, धाकट्याच्या जेमतेम दोन.

थोरल्याला सुतारकामाचा नाद होता. नाद तरी कसला, सासरचं निम्मं लाकूड त्याच्या हातचं होतं. दाराशी चपलांचं कपाट, सासऱ्यांच्या खुर्चीला लागून औषधांचं टेबल, स्वयंपाकघरातली डब्यांची फळी, न्हाणीघरातलं स्टूल. यातलं काहीही कुणी सांगितलं म्हणून केलेलं नव्हतं. तो यायचा, इकडे तिकडे बघायचा, खिशातून टेप काढून गुपचूप माप घ्यायचा आणि पुढच्या खेपेला वस्तू घेऊनच यायचा. सासूबाई म्हणायच्या, जावईबापू, कशाला एवढा त्रास घेतलात. मग ती वस्तू कोरड्या फडक्यानं पुसून जागेवर लावायच्या. हे त्यांचं 'कशाला' त्याला पुरे होतं.

धाकटा आला आणि सासूबाई पहिल्याच महिन्यात त्याला अरे-तुरे करू लागल्या. "अरे, वरचा डबा काढ." "मेल्या, चहा गार झाला तुझा." तोही हसत उठायचा, डबा काढायचा, वर त्यातले चार घास खाऊनही टाकायचा. थोरल्याची मजल अकरा वर्षांत 'जावईबापू, तुम्ही' याच्या पुढे गेली नव्हती. आधी त्याला तो मान वाटायचा. पण धाकट्याला 'मेल्या' म्हटलेलं ऐकल्यापासून तोच मान त्याला टोचू लागला.

त्यात धाकट्यालाही लाकडाची गोडी लागली. बेकरीचं काम पहाटेचं, त्यामुळे दुपारी तो मोकळा. त्यानं एक कटर मशीन आणलं आणि आपल्या घराच्या मागच्या अंगणात दोन लाकडी घोड्यांवर फळी टाकून कापाकापी सुरू केली. पहिलं स्टूल केलं ते डुलत होतं. सगळे पोट धरून हसले. थोरलाही हसला, जरा जास्तच. सासूबाईंनी मात्र एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली आणि त्याच स्टुलावर बसून भाजी निवडायला लागल्या. शेजारीण आली की सांगायच्या, हे माझ्या धाकट्यानं केलंय. डब्यांची फळी कुणी केली, हे शेजारणीला अजून माहीत नव्हतं.

असं सगळं आत साठत असतानाच एका रविवारी जेवताना सासूबाई म्हणाल्या की खिडकीखाली एक लांब पेटी हवी. आत पांघरुणं राहतील आणि वर बसून बाहेर बघता येईल. थोरल्यानं घास हातातच धरून मनात माप घ्यायला सुरुवातही केली. चार फूट लांब, दीड फूट रुंद, झाकणाला तीन बिजागऱ्या. तेवढ्यात सासूबाई धाकट्याकडे वळल्या. "अरे, तू करशील ना?"

धाकटा म्हणाला, करतो की. त्याच्या बायकोनं टाळी दिली. सासरे म्हणाले, बघ बाबा, मी बसलो आणि मोडली तर. सगळे हसले. थोरल्यानं घास खाली ठेवला, पाणी प्यायला आणि ऊन फार आहे असं काहीतरी बोलला. त्याची बायको त्याच्याकडे बघत होती, म्हणून तो ताटाकडे बघत राहिला.

दोनच दिवसांनी धाकटा चष्म्याच्या दुकानात आला. हातात गरम पावांची पिशवी होती. थोरल्यासमोर चाकावर काच फिरत होती. धाकटा स्टूल ओढून बसला आणि त्यानं आपली अडचण सांगितली. प्लायचा चार फुटांचा काप त्याला हातानं सरळ जमत नव्हता. मशीन जरा इकडे, जरा तिकडे जात होतं. हत्यारांच्या दुकानात गाइड क्लॅम्प मिळतो, ॲल्युमिनियमची लांब पट्टी, दोन्ही टोकांना आवळायची. फळीवर ती बसवायची आणि मशीनचा तळ तिला टेकवून पुढे ढकलायचं. पट्टी सरळ तर काप सरळ, इतकं त्याला कळलं होतं. पण दुकानात तीन तऱ्हा होत्या. एक पातळ, हलकी, नारिंगी खटक्याची. एक दोन तुकडे जोडून लांब होणारी. आणि एक रुंद, आतून पोकळ, पण जड.

"दादा, तुम्ही सांगाल ती घेतो," तो म्हणाला.

थोरल्याला तिन्ही पट्ट्या तोंडपाठ होत्या. पातळ पट्टी त्यानंच पहिल्या वर्षी घेतली होती. टोकांना ती घट्ट बसते, पण मशीन टेकवून ढकललं की मध्ये हळूच बाक घेते, आणि तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. तिच्या पायी त्याचे प्लायचे तीन अख्खे तक्ते वाया गेले होते. शेवटी चिडून त्यानं ती भंगारात टाकली आणि रुंद पट्टी आणली. तिला दहा वर्षांत केसभरही बाक आला नव्हता. हे सगळं सांगायला अर्धं मिनिट पुरलं असतं.

त्यानं काच उजेडाकडे धरली, पुसली आणि म्हणाला, "पातळ घे. हलकी असते. नवख्याला बरी."

धाकट्यानं मान डोलावली, पाव टेबलावर ठेवले आणि गेला. थोरल्यानं पुढची काच चाकाला लावली. त्याला वाईट वाटलं नाही. उलट बऱ्याच दिवसांनी जेवण गोड लागलं. मी खोटं कुठे बोललो, असं तो स्वतःलाच म्हणाला. हलकी आहेच ती.

शनिवारी धाकट्यानं काम काढलं. ते कसं झालं, हे थोरल्याला बायकोकडून कळलं, तिला तिच्या बहिणीकडून. पहिला काप झाला तेव्हा सगळं ठीक दिसत होतं. दुसराही झाला. मग दोन्ही फळ्या एकमेकींना लावून बघितल्या, तर टोकं टेकत होती आणि मधल्या फटीतून पलीकडचं अंगण दिसत होतं. प्रत्येक फळी मध्ये जवळजवळ एक सूत आत गेली होती, म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्यानं पुन्हा कापलं, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला वाकड्या कापात पातं अडकलं, मशीन झटक्यानं मागे आलं आणि त्याच्या मांडीवर आदळलं. पातं थांबलेलं होतं म्हणून फक्त काळंनिळं झालं. संध्याकाळी त्यानं मशीन खोक्यात भरून माळ्यावर टाकलं आणि बायकोला म्हणाला, माझा हातच वाकडा आहे, हे दादांचं काम.

हे सांगून थोरल्याची बायको त्याच्यासमोर उभी राहिली.

"ती नारिंगी खटक्याची पट्टी तूच टाकून दिली होतीस ना?"

तो म्हणाला, पट्ट्या काय सगळ्या सारख्याच.

"त्या दिवशी तू तिला ज्या शिव्या घातल्यास त्या मला अजून पाठ आहेत," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंचा फोन आला. पेटीचं काम जरा बघाल का जावईबापू, धाकट्याला काही ते जमत नाही. थोरल्याला हवं होतं तेच घडलं होतं. तो टेप घेऊन निघाला, पण रस्ताभर त्याला मांडीवर आदळणारं मशीन दिसत राहिलं. ते पाव वीत वर आलं असतं तर, असं त्याच्या मनात आलं आणि तो चालता चालता थांबला.

खिडकीखाली वाकड्या फळ्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. तो गुडघ्यावर बसून माप घेऊ लागला. सासूबाई मागे स्टुलावर बसल्या होत्या. माप घेता घेता त्यानं शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं की आधी मलाच का नाही सांगितलंत.

सासूबाईंना ते अनपेक्षित होतं.

"तुम्हाला सांगायला जीभ रेटत नाही हो," त्या म्हणाल्या. "तुम्ही सगळं न मागता करता, आणि एवढं चांगलं करता की त्यात मला बोट ठेवायला जागा नसते. डब्यांची फळी जरा खाली हवी होती, मला हात पुरत नाही, हे अकरा वर्षांत मी तुम्हाला सांगू शकले नाही. त्याचं तसं नाही. त्यानं बिघडवलं तर मी त्याला ओरडते, मग तो पुन्हा करतो."

थोरल्यानं मान वर करून स्वयंपाकघरातल्या फळीकडे बघितलं. तिच्याखाली चढून उभं राहायला एक छोटं स्टूल ठेवलेलं होतं. ते कधीपासून तिथं होतं, त्याला आठवेना.

त्यानं टेप खिशात घातला. पेटी धाकटाच करेल, मी त्याच्याशी बोलतो, एवढं सांगून तो तिथून थेट बेकरीत गेला.

दुपारची वेळ होती. भट्टी विझलेली होती, धाकटा मागच्या बाजूला पत्र्याचे ट्रे घासत होता. चालताना किंचित लंगडत होता. थोरल्याला बघून त्यानं पुढे येऊन हात पुसले आणि त्याच्यासाठी पोत्यांच्या थप्पीवर जागा केली. थोरला बसला नाही. उभ्या उभ्या त्यानं सांगून टाकलं. ती पट्टी मध्ये बाक घेते हे मला ठाऊक होतं. माझे स्वतःचे तीन तक्ते तिनं खाल्ले होते. तरी तुला तीच घे म्हटलं. तुझा हात सरळ आहे.

धाकट्याला समजायला वेळ लागला. तो म्हणाला, विसरला असाल तुम्ही. थोरला म्हणाला, विसरलो नव्हतो.

"मग का?"

"सासूबाईंनी तुला सांगितलं, मला नाही. म्हणून." बोलताना त्यालाच ते कारण इतकं बारकं वाटलं की कान तापले.

धाकटा ट्रेकडे वळला. एक ट्रे घासून झाला, दुसरा घेतला. मग पाठमोराच म्हणाला, "दुकानदार मला रुंदच घे म्हणत होता. मी त्याच्याशी भांडलो. म्हटलं, आमचे दादा अकरा वर्षं हे काम करतायत, तुला जास्त कळतं का?"

थोरल्यानं विचारलं की आता आपण दोघं जाऊन दुसरी आणू या का. धाकटा म्हणाला, आज नको. तुम्ही जा आता, दादा. आवाज चढवून बोलला असता तर बरं झालं असतं, असं थोरल्याला वाटलं.

आठ दिवस तिकडून काही निरोप आला नाही. या आठ दिवसांत थोरल्यानं डब्यांची फळी काढून वीतभर खाली लावली. या खेपेला सासूबाईंना समोर उभं करून, हात वर करायला लावून, मग खुणा केल्या. त्यांनी दोनदा खूण बदलायला लावली. नवव्या दिवशी धाकट्याचा फोन आला, संध्याकाळी दुकानात या.

हत्यारांच्या दुकानात धाकट्यानं त्याला काही विचारलं नाही. त्यानं प्लायचा एक तुकडा काउंटरवर मागून घेतला, एकेक पट्टी आवळली आणि तिच्या कडेनं पेन्सिलीची रेघ मारली. मग पट्टीच्या मध्यावर अंगठा ठेवून जोर दिला. पातळ पट्टी रेघेपासून चक्क बाजूला सरली. जोडपट्टीला सांध्यात एक बारीक खाच लागत होती, तिथं नख अडकत होतं. रुंद पट्टी जागची हलली नाही. मग त्यानं तिचे आवळायचे जबडे खालून तपासले, मशीनची मोटर वरून जाताना त्यांना थडकणार तर नाही ना म्हणून. हे मात्र थोरल्याला स्वतःलाही सुचलं नव्हतं. तो तसं बोलला. धाकटा नुसता हं म्हणाला.

पेटी पुढच्या शनिवारी झाली. काप धाकट्यानं घेतले, थोरल्यानं फळीचं पलीकडचं टोक धरलं. दोन कडा जोडल्यावर मध्ये उजेड दिसला नाही. सासूबाई झाकणावर बसल्या, शेजारणीला खिडकीतूनच हाक मारली आणि धाकट्याचं कौतुक सुरू झालं. थोरल्याला ते पूर्वीसारखंच टोचलं. टोचणार हे त्याला माहीत होतं. तो भुसा झाडत राहिला, आणि शेजारणीनं विचारल्यावर म्हणाला, हो, सगळं त्यानंच केलं.

धाकटा पुढेही त्याच्याशी नीट वागला. पाव आणायचा, हसायचा, दादा म्हणायचा. दोन महिन्यांनी त्याच्या अंगणात नवं ड्रिल मशीन दिसलं. थोरल्यानं ते उचलून बघितलं, वजन पारखलं आणि विचारलं, कधी आणलंस.

"गेल्या आठवड्यात. दुकानातली चारही चालवून बघितली, मग घेतलं."

"बरं केलंस," थोरला म्हणाला. ड्रिल चांगलं होतं, सांगण्यासारखं काहीच नव्हतं. त्यानं ते परत जागेवर ठेवलं आणि घोड्यावरच्या फळीचं दुसरं टोक धरायला गेला.