आंबा बाधला

सावित्रीला सकाळपासून चैन नव्हतं. तिचा नवरा धाकू सारखा संडासाकडे पळत होता आणि दर खेपेला पडवीत येऊन तेच सांगत होता, की आंबा बाधला. ऐन मे महिन्यात पावस गावात यावर कुणीही विश्वास ठेवला असता. तिनंही जायफळ उगाळून दिलं, पण जीव मात्र टांगणीला लागला.

धाकूच्या मूत्रपिंडाचा कॅन्सर फुफ्फुसात पसरला होता. रत्नागिरीच्या डॉक्टरीणबाईंनी नवं इंजेक्शन देताना नीट समजावलं होतं. शरीराची राखण करणाऱ्या पेशी असतात. कॅन्सर त्यांना गप्प बसवतो, हे औषध त्यांना पुन्हा जागं करतं. पण पिसाळलेलं राखणीचं कुत्रं घरच्यांनाही चावतं, तेव्हा जुलाब लागले तर लगेच फोन करा. औषध लागू पडलं, गाठी आक्रसल्या, नवरा जेवायला लागला. त्या आनंदात आंब्यावर खापर फोडणं सावित्रीलाही सोयीचंच होतं.

दुपारी ती आंब्याच्या साली घेऊन गोठ्यात गेली. गव्हाणीत हापूसच्या फोडी पडल्या होत्या. तिनंच चिरलेल्या. धाकू रोज ताटली घेऊन वाऱ्याला म्हणून बाहेर जायचा.

तिनं येऊन विचारलं, तेव्हा त्यानं मान खाली घातली.

"नवस बोललोय. बरा होईपर्यंत आंबा तोंडात घालणार नाय."

"मग बाधलं काय?"

तो खाली बसला. मग म्हणाला, "रक्त पण पडतंय. सांगितलं तर इंजेक्शन बंद करतील. तेच तर लागू पडलंय गो."

सावित्रीच्या अंगाचा तिळपापड झाला. शहाण्यानं देवाला सगळं सांगितलं, बायकोला तेवढं नाही. तिनं फोन उचलला. तो हिसकायला धाकूनं हात पुढे केला, पण हातात जोरच उरला नव्हता.

संध्याकाळपर्यंत रत्नागिरीच्या दवाखान्यात सलाईन लागलं, आतड्याची सूज उतरवायला स्टिरॉइड सुरू झालं आणि इंजेक्शन बंद झालं. बंद केल्यावरही कधी कधी गुण टिकतो, पण शब्द देता येत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. धाकूनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

"मारलंस मला," तो म्हणाला.

कदाचित खरंच असेल, असं सावित्रीला वाटलं आणि ती हादरली. तरी उद्या पुन्हा असंच झालं, तर आपण पुन्हा फोन करू, हेही तिला ठाऊक होतं. तिनं त्याच्या पायांवर चादर ओढली. त्यानं ती लाथाडली. तिनं पुन्हा ओढली.